ताशी पंचवीस किंवा पन्नास

जेनोवाच्या बंदरात उतरलेला माल उत्तरेकडे तोरिनो-मिलानच्या कारखान्यांपर्यंत न्यायचा तर मध्ये आपेनाईन्सचा डोंगर येतो. १८५३ साली या डोंगरातून जोवीचा बोगदा काढून रेल्वे सुरू झाली. चढ हजाराला ३५, म्हणजे साधारण २९ फुटांमागे एक फूट. आपल्या बोरघाटाचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला एक आहे, आणि तेवढ्यासाठीही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावावी लागतात, हे मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. जोवीचा घाट त्याहून चढा, आणि त्यातच सव्वातीन किलोमीटरचा बोगदा.

वाफेच्या इंजिनांच्या काळात या बोगद्यातून जाणं म्हणजे शिक्षाच होती. चढावर इंजिन जितकं जोर लावणार तितका धूर जास्त, आणि वेग कमी म्हणून त्या धुरात राहण्याचा वेळही जास्त. ऑगस्ट १८९८ मध्ये व्हायचं ते झालं. एका मालगाडीच्या इंजिनांवरची माणसं बोगद्यात धुराने गुदमरून बेशुद्ध पडली. गाडी आवरायला कोणी शुद्धीवर नव्हतं. ती थांबली, मग मागे सरकू लागली, आणि उतारावर वेग घेत खालच्या स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीवर जाऊन आदळली.

इटलीकडे स्वतःचा कोळसा जवळजवळ नव्हता. तो ब्रिटनमधून जहाजाने आणायचा आणि त्यातला बराचसा याच घाटात जाळायचा, असा तो व्यवहार होता. आल्प्समध्ये पाणी मात्र मुबलक. पाण्यापासून केलेल्या विजेला इटालियन लोक ‘पांढरा कोळसा’ म्हणत. विजेने आगगाडी चालवण्याचा प्रश्न तिथे असा पोटापाण्याचा आणि जिवाचा होता.

पण कोणती वीज आणि कोणती मोटर? शहरांतल्या ट्रामगाड्या तेव्हा पाच-सहाशे व्होल्टच्या डीसी विजेवर धावत होत्या. डीसीचा दाब सहज वाढवता-उतरवता येत नव्हता, त्यामुळे लांबच्या आणि जड गाडीला ती पुरी पडत नव्हती. एसी विजेची गोष्ट वेगळी. १८९१ साली जर्मनीत लाउफेनच्या धरणावर तयार झालेली तीन-फेज वीज १७५ किलोमीटर दूर फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पोहोचवून दाखवली गेली होती आणि तिथे तिच्यावर पंप चालला होता. या विजेवर चालणारी मोटरही दणकट होती. डीसी मोटरमध्ये ठिणग्या उडवणारा कम्युटेटर आणि झिजणारे कार्बन असतात. तीन-फेजच्या साध्या मोटरमध्ये ते नसतातच. धूळ, पाणी, हादरे सोसणारं एवढं सोपं यंत्र रेल्वेला दुसरं मिळालं नसतं. तिचा दोष एकच होता. ती स्वतःच्याच वेगाने फिरायची.

या दोषावर माणसांनी काय काय उपाय केले, त्याची ही हकीकत आहे. त्यासाठी आधी मोटरच्या पोटात डोकवावं लागेल.

मोटरचा बाहेरचा, न फिरणारा भाग म्हणजे स्टेटर. त्याच्या खाचांत तांब्याच्या तारेच्या कॉइल बसवलेल्या असतात. आत फिरतो तो रोटर. स्टेटरच्या कॉइलमधून तीन फेजचे प्रवाह एकामागून एक चढतात-उतरतात, आणि त्यामुळे आतलं चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागतं. हलत काहीच नाही, तरी चुंबकाचे ध्रुव फिरतात. तोरिनोचे प्राध्यापक गालिलेओ फेरारिस यांनी हे मार्च १८८८ मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं. अशा मोटरचा उद्योगाला फारसा उपयोग होणार नाही, असं त्यांचं गणित सांगत होतं. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत निकोला टेस्लाला याच तत्त्वावरची पेटंटं मिळाली, आणि १८८९ साली बर्लिनच्या एईजी कंपनीत मिखाईल डोलिवो-डोब्रोव्होल्स्की याने पिंजऱ्याच्या रोटरची, म्हणजे कॉइलऐवजी पिंजऱ्यासारख्या दांड्या असलेल्या रोटरची, तीन-फेज मोटर बनवली. कारखान्यात आणि विहिरीवर आज जी मोटर दिसते ती मूळ त्याची.

फिरतं क्षेत्र रोटरला आपल्यामागे ओढत नेतं. रोटर किंचित मागे राहतो, पण फार नाही. क्षेत्राचा वेग ठरतो दोनच गोष्टींवर: विजेची सेकंदाला किती सायकल आणि स्टेटरमध्ये किती पोल, म्हणजे चुंबकाचे ध्रुव. ५० सायकलला दोन पोल असतील तर मिनिटाला ३००० फेरे, चार असतील तर १५००, सहा असतील तर १०००, आठ असतील तर ७५०. रोटर थोडा मागे राहतो म्हणून पंपाच्या पाटीवर २८८०, १४४०, ९६० असे आकडे असतात. मधला आकडा मिळत नाही. दोन हजार फेऱ्यांची मोटर हवी असेल तर तीन पोल लागतील, आणि तीन पोल होऊच शकत नाहीत. उत्तर ध्रुव आला की त्याचा जोडीदार दक्षिण ध्रुव आलाच. पोल नेहमी जोडीने मोजायचे.

अशा मोटरचा वेग बदलायचे तीन मार्ग होते. पहिला, सायकल बदलणे. पण १९०० च्या सुमाराला सायकल ठरायची ती वीजघरातल्या जनरेटरच्या फिरण्यावर. एका गाडीसाठी अख्ख्या मार्गाची सायकल कोण बदलणार? एका ठिकाणी ते केलंही गेलं. बर्लिनजवळ झोसेनच्या लष्करी रेल्वेमार्गावर चाचणीची तीन-फेज गाडी ऑक्टोबर १९०३ मध्ये ताशी २१० किलोमीटरपर्यंत पोहोचली. तिचा वेग वाढवण्यासाठी वीजघरातलं जनरेटर जोरात फिरवत नेलं जाई. एका वेळी एकच गाडी धावत होती, म्हणून ते जमलं. दुसरा मार्ग, रोटरच्या वायंडिंगला बाहेरून रेझिस्टन्स जोडणे. गाडी जागची हलवायला हा उपाय चांगला, पण सतत त्यावर चालवायचं म्हणजे विजेची उष्णता करून हवेत सोडायची. तिसरा मार्ग, पोलच बदलणे.

पोल बदलायचे म्हणजे मोटर उघडून नवं वायंडिंग भरायचं, असं कोणालाही वाटेल. किंवा एकाच स्टेटरमध्ये दोन वेगळी वायंडिंग भरायची, एक चार पोलचं, एक आठ पोलचं. तसं करता येतं, पण खाचांतली अर्धी जागा नेहमी रिकामटेकडी राहते, आणि तेवढ्याच ताकदीसाठी मोटर बरीच मोठी होते. स्वीडनमधल्या व्हेस्टेरोस गावच्या आसेआ कंपनीत काम करणाऱ्या रॉबर्ट डालांडर या इंजिनियरने यातून वाट काढली. १८९७ साली त्याला आणि त्याचा सहकारी कार्ल आर्विड लिंडस्ट्रोम याला तिचं पेटंट मिळालं. ही युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे.

स्टेटरच्या गोलात एका फेजच्या दोन कॉइल समोरासमोर आहेत असं समजा. पहिलीतून प्रवाह असा जातो की तिच्या आतल्या तोंडाशी उत्तर ध्रुव तयार होतो. दुसरीतून प्रवाह उलट जातो, म्हणून तिच्या तोंडाशी दक्षिण. दोन पोल झाले. आता दुसऱ्या कॉइलमधला प्रवाह फक्त उलटा करा. दोन्ही तोंडांशी उत्तर ध्रुव आले. पण चुंबकरेषा उत्तर ध्रुवातून निघाल्या की त्यांना परतायला जागा लागते. ती त्यांना दोन कॉइलच्या मधल्या लोखंडात मिळते, आणि तिथे कॉइल नसतानाही आपोआप दक्षिण ध्रुव उभे राहतात. दोन उत्तर, दोन दक्षिण, म्हणजे चार पोल. वेग निम्मा. एकही वेटोळं हललेलं नाही, एकही जास्तीची तार घातलेली नाही.

प्रत्यक्ष मोटरमध्ये डालांडरने प्रत्येक फेजचं वायंडिंग मधोमध तोडून मधलं टोक बाहेर काढलं. तीन टोकं फेजची आणि तीन मधली, अशी सहा टर्मिनल. पहिल्या तिघांना वीज द्या, दोन्ही अर्धे भाग एकामागे एक येतात, पोल दुप्पट, वेग कमी. पहिली तीन एकमेकांना जोडून टाका आणि वीज मधल्या तीन टोकांना द्या, दोन्ही अर्धे भाग समांतर होतात, त्यातल्या एकाचा प्रवाह उलटतो, पोल निम्मे, वेग दुप्पट. वायंडिंग खात्यात काम करणाऱ्यांना ही जोडणी आजही डेल्टा आणि डबल स्टार या नावाने ठाऊक असते. तिच्यात दोन गोष्टींचं भान ठेवावं लागतं. पोल बदलले की फेजचा क्रम उलटतो, म्हणून दोन तारांची अदलाबदल केली नाही तर मोटर उलटी फिरते. आणि जलद वेगावरून एकदम हळू वेगावर आणलं तर मोटर त्या क्षणी जनरेटर बनते आणि पुढच्या यंत्राला जबरदस्त ब्रेक मारते. कपलिंग आणि पट्टे त्याने तुटतात. जाणता माणूस मध्ये थोडा थांबा ठेवतो.

पिंजऱ्याच्या रोटरचं मोठेपणही इथेच कळतं. त्याला स्वतःचे ठरलेले पोल नसतात. स्टेटर चार पोल दाखवेल तर तो चार पोलचा होतो, आठ दाखवेल तर आठचा. स्टेटरची जोडणी बदलली की काम झालं. रेल्वेच्या बड्या मोटरींना मात्र हे सुख नव्हतं. जड गाडी जागची हलवायला रोटरमध्ये वायंडिंग आणि स्लिपरिंग लागत, आणि वायंडिंगच्या रोटरचे पोल स्टेटरबरोबर बदलायचे तर आणखी रिंगा, आणखी ब्रश, आणखी स्विच. इंजिनाच्या अंगावर त्यांना जागा कुठे शोधायची, हा पुढची तीस वर्षं या विद्येतला खरा प्रश्न राहिला.

तो अंगावर घेणारा माणूस म्हणजे बुडापेस्टचा काल्मान कान्डो. जन्म १८६९ चा. गान्झ या कारखान्यात तो विद्युत विभाग सांभाळत होता आणि तीन-फेज मोटरच रेल्वेसाठी योग्य, यावर त्याची श्रद्धा होती. इटलीच्या सरकारला तेव्हा रेल्वेच्या विद्युतीकरणाचे वेगवेगळे प्रयोग करून पाहायचे होते. मिलान-मोन्झा मार्गावर बॅटरीवरच्या गाड्या, मिलान-वारेझेला तिसऱ्या रुळातून डीसी, आणि आल्प्सच्या पायथ्याशी वाल्तेल्लीनाच्या खोऱ्यात तीन-फेज. शेवटचं काम गान्झला मिळालं. लेक्को ते सोन्द्रिओ आणि कोलिको ते कियावेन्ना, मिळून १०६ किलोमीटर. आद्दा नदीवर मोर्बेन्यो इथे वीजघर. ४ सप्टेंबर १९०२ रोजी या मार्गावर विजेवरची वाहतूक सुरू झाली, ३००० व्होल्टच्या तीन-फेज विजेवर. लुगानोची ट्राम १८९६ पासून आणि स्वित्झर्लंडमधला बुर्गडोर्फ-थून मार्ग १८९९ पासून तीन-फेजवर धावत होते खरे, पण ते कमी दाबाचे. इतक्या उंच दाबाची वीज मुख्य रेल्वेच्या तारेवर कोणीच घेतली नव्हती.

कान्डोने सायकल घेतली सेकंदाला फक्त १५. कमी सायकल म्हणजे कमी फेरे. आठ पोलच्या मोटरला मिनिटाला २२५, म्हणजे साधारण आगगाडीच्या चाकाइतकेच. मध्ये दाते-चक्रांची गरज नाही. मोटरच्या आसाचा जोर दांड्यांनी थेट चाकांना, वाफेच्या इंजिनासारखाच.

वेगासाठी त्याने आधी पोल न बदलता एक दुसरी रीत वापरली. तिला कॅस्केड म्हणतात. दोन मोटरी एकाच चाकांना बांधलेल्या. वीज फक्त पहिलीच्या स्टेटरला. पहिलीच्या रोटरमध्ये जो प्रवाह निर्माण होतो तो वाया न घालवता दुसरीच्या स्टेटरला द्यायचा. मग दोन्ही मिळून अशा चालतात की जणू त्यांच्या पोलांची बेरीज झाली. दोन्ही आठ-आठ पोलच्या असतील तर जोडी सोळा पोलची, वेग निम्मा. वाल्तेल्लीनासाठी पुढे जी इंजिनं आली त्यांत एक मोटर आठ पोलची आणि दुसरी बारा पोलची बसवली गेली. एकटी आठची, ताशी ६४ किलोमीटर. एकटी बाराची, ४२. दोन्ही कॅस्केडमध्ये, वीस पोल, २५. दोन मोटरींतून तीन वेग. हे गणित समोर आलं की माझं मन नेहमी तिथे घुटमळतं. प्राथमिक शाळेतली बेरीज आणि भागाकार, पण त्यावर शेकडो टनांची गाडी डोंगर चढते.

त्याच काळात स्वित्झर्लंड आणि इटली यांच्यामध्ये सिम्प्लॉनचा बोगदा पुरा होत होता. ब्रिग ते इझेल्ले, जवळजवळ वीस किलोमीटर. जोवीत सव्वातीन किलोमीटरने जे केलं ते पाहता इथे वाफेचं इंजिन नेणं वेडेपणा ठरला असता. बाडेनच्या ब्राउन बोव्हेरी कंपनीने पुढाकार घेऊन स्वतःच्या जोखमीवर हा बोगदा विजेवर चालवायचं ठरवलं. १ जून १९०६ ला वाहतूक सुरू झाली तेव्हा स्वतःची इंजिनं पुरेशी नव्हती म्हणून वाल्तेल्लीनाची उसनी आणावी लागली. ब्राउन बोव्हेरीच्या इंजिनांत कॅस्केड नव्हता, पोल-बदल होता. सोळा पोलवर ताशी ३५ च्या आसपास, आठ पोलवर ७०. थोड्याच काळात आलेल्या पुढच्या दोन इंजिनांत त्यांनी पिंजऱ्याचे रोटर घातले आणि स्टेटरमध्ये पोल बदलता येणारी दोन वायंडिंग. सोळा, बारा, आठ, सहा, असे चार पोल-आकडे आणि चार वेग. रोटरकडून ना रिंगा ना ब्रश. रेल्वेच्या इंजिनात पिंजरा चालतो, हे त्या बोगद्यात सिद्ध झालं. बाकी जग तिथे पोहोचायला पुढची साठ-सत्तर वर्षं गेली.

आणि मग जोवी. इटालियन रेल्वेने या घाटासाठी वेस्टिंगहाउसच्या इटालियन शाखेकडे इंजिनं मागितली. कारखाना समुद्रकाठच्या वादो लीगुरे गावात होता, आणि तिथला मुख्य माणूस होता कान्डो. बुडापेस्ट सोडून तो १९०७ साली इथे आला होता. त्याने ई ५५० हे इंजिन रचलं. पाच आस, पाचही एकाच दांड्याने जोडलेले, वजन साठ टनांच्या घरात, दोन मोटरी मिळून दोन हजार अश्वशक्ती. आकाराने लहान म्हणून त्याला ‘छोटा राक्षस’ हे नाव पडलं. मोटरी आठ-आठ पोलच्या. कॅस्केडमध्ये ताशी २५, समांतर ५०. तिसरा वेग नाही.

१९१० साली जोवीच्या घाटात ही इंजिनं धावू लागली. एक पुढे, एक मागे, मध्ये ३८० टनांची गाडी, आणि हजाराला ३५ च्या चढावर ताशी ४५ किलोमीटर. वाफेच्या दिवसांत असा वेग कोणी बोलूनही दाखवला नसता. बोगद्यातला धूर गेला.

उतारावर तर या मोटरची जी खोड होती तीच कामाला आली. गाडी खाली घसरत मोटरच्या ठरल्या वेगापेक्षा जरा जोरात जाऊ पाहते, त्या क्षणी मोटर जनरेटर बनते आणि गाडीला धरून ठेवते. ड्रायव्हरने काही करायचं नाही. ब्रेकचे ठोकळे तापत नाहीत. तयार झालेली वीज तारेत परत जाते आणि शेजारच्या रुळावरून वर येणारी गाडी ती वापरते. उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हात देते. चढावर आणि उतारावर, भरलेली असो की रिकामी, गाडीचा वेग तोच. एका जागी हट्टी वाटणारी मोटर घाटात इतकी भरवशाची निघाली की १९२१ पर्यंत ई ५५० ची १८६ इंजिनं बांधली गेली. अमेरिकेतही १९१५ साली नॉर्फोक अँड वेस्टर्न रेल्वेने कोळशाच्या गाड्या डोंगरावर चढवायला पोल बदलणाऱ्या मोटरींची इंजिनं घेतली. ताशी १४ मैल किंवा २८ मैल. तिथेही मधला वेग नव्हता.

सपाटीवरच्या प्रवासी गाड्यांना मात्र दोन वेग पुरेसे नव्हते. १९१४ साली आलेल्या ई ३३० मध्ये कान्डोने दोन्ही रीती एकत्र केल्या. मोटरीचे पोल आठचे सहा करता येत आणि दोन मोटरी कॅस्केडमध्येही जोडता येत. सहा पोल समांतर, ताशी १००. आठ पोल समांतर, ७५. सहा अधिक सहा कॅस्केड, ५०. आठ अधिक आठ कॅस्केड, ३७.५. आठाचे सहा करणं डालांडरच्या जोडणीने होत नाही, ती फक्त निम्मं किंवा दुप्पट करते. इथे वायंडिंगचे कितीतरी अधिक तुकडे वेगळ्या क्रमाने जोडावे लागत आणि रोटरकडेही त्याचा पडसाद उमटे. पुढे १९२८ सालचं ई ४३२ हे इंजिनही याच चार वेगांवर चाललं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या पद्धतीचे दोष खोटे नव्हते. तीन फेजपैकी एक रुळातून नेला तरी डोक्यावर दोन तारा लागत, एकमेकींपासून वेगळ्या ठेवलेल्या. स्टेशनच्या सांध्यांवर, जिथे रूळ एकमेकांना छेदतात, तिथे या दोन तारांची गुंतागुंत सांभाळणं ही लाइनमनची रोजची कसोटी होती. एका गाडीला दोन इंजिनं लावली आणि एकाची चाकं झिजून जराशी लहान झालेली असली, तर दोघांच्या वेगात फरक पडे आणि एकावर जास्त भार येई. आणि उशीर झाला तर भरून काढता येत नसे. ताशी पन्नासची गाडी पन्नासच्या पुढे जाणारच नाही. १९२८ साली इटलीने दक्षिणेत फोजा-बेनेव्हेन्तो मार्गावर ३००० व्होल्ट डीसी आजमावून पाहिली, आणि नंतरचं विद्युतीकरण बहुतांशी त्या वाटेने गेलं. वायव्य इटलीतलं तीन-फेजचं जाळं मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरही वर्षानुवर्षं टिकून होतं. शेवटची तीन-फेज गाडी मे १९७६ मध्ये आक्वी तेर्मेच्या मार्गावर धावली. वाल्तेल्लीनापासून मोजलं तर ७४ वर्षं. हा आकडा पाहून या प्रयोगाला फसलेला प्रयोग म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

कान्डो स्वतः दोन तारांच्या दोषावर उपाय शोधत राहिला. हंगेरीत परतल्यावर त्याने वेगळीच वाट धरली. तारेवर एकच फेज, तीही देशाच्या वीजजाळ्यातली ५० सायकलची, आणि इंजिनाच्या आत फिरणारं एक यंत्र जे त्या एका फेजच्या अनेक फेज करून देतं. मोटर एकच, प्रचंड. पन्नास सायकलला चाकांइतका हळू वेग हवा तर पोल किती लागतील ते पाहा: ७२, ३६, २४ आणि १८. त्यावर ताशी २५, ५०, ७५ आणि १००. बहात्तर पोलचं वायंडिंग अठरावर आणणं म्हणजे वायंडिंगच्या कलेचा कळस आहे. बुडापेस्ट-हेज्येशहालोम मार्गावर १९३२ पासून ही व्ही ४० इंजिनं धावली. कान्डोने ती पाहिली नाहीत. जानेवारी १९३१ मध्ये तो वारला होता.

पोल-बदल रेल्वेतून हळूहळू निघाला, पण कारखान्यात आणि इमारतीत त्याने घर केलं. कूलिंग टॉवरचा पंखा थंडीच्या रात्री निम्म्या वेगावर टाकला की त्याला लागणारी शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. साखर कारखान्याच्या सेंट्रिफ्यूगल यंत्राला रस भरताना एक वेग हवा, मळी फेकताना दुसरा, साखर खरवडून काढताना तिसरा, आणि तिथे अनेक वर्षं पोल बदलणाऱ्या मोटरीच असत. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत लिफ्ट मजल्याजवळ येताना अंगाला हलकासा धक्का बसतो आणि पुढचा फूटभर ती सावकाश सरकते. तिथे वरच्या खोलीत मोटर सहा पोलवरून चोवीस पोलवर गेलेली असते. निम्मा-दुप्पट हे बंधनही पुढे सुटलं. ब्रिस्टल विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन रॉक्लिफ यांनी १९५७ च्या सुमाराला एकाच वायंडिंगमधून आठ आणि दहा, चार आणि सहा असे जवळजवळचे पोल काढून दाखवले. वीजकेंद्रांच्या मोठ्या पंख्यांसाठी ती पद्धत फार कामी आली.

आपल्याकडे रेल्वेने तीन-फेजची वाट धरली नाही. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. ते योग्यच होतं. उपनगरी गाडीला दर दोन-तीन मिनिटांनी थांबून पुन्हा वेग घ्यावा लागतो, त्या कामात ठरीव वेगाची मोटर बसली नसती. १९२९-३० मध्ये बोरघाट आणि थळघाट विजेवर आले तेही डीसीवर. तिथली ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी इंजिनं उतारावर वीज तारेत परत देत, जोवीच्या इंजिनांसारखीच. फक्त ते आपोआप होत नसे, ड्रायव्हरला त्यासाठी मोटरींची जोडणी बदलावी लागे.

कान्डोचा मोटरवरचा विश्वास बरोबर होता, एवढं मी ठामपणे म्हणेन. त्याच्याकडे कमी होतं ते एकच साधन: गाडीतल्या गाडीत सायकल बदलणारं यंत्र. ते सेमीकंडक्टरने दिलं, १९७० नंतर. १९८८ साली डालांडरची आसेआ आणि सिम्प्लॉनची ब्राउन बोव्हेरी एकत्र येऊन एबीबी झाली, आणि त्या कंपनीकडून १९९५-९६ मध्ये भारतीय रेल्वेला पहिली तीन-फेज मोटरींची इंजिनं मिळाली. मुंबईतली डीसी वीज २०१० नंतरच्या दशकात पूर्णपणे गेली, आणि आज बोरघाटातून जाणाऱ्या अनेक गाड्यांपुढे त्याच कुळातली इंजिनं असतात. त्यांच्या मोटरींच्या पोलांना कोणी हात लावत नाही. तारेवरच्या पन्नास सायकल इंजिनात शिरतात आणि मोटरला मिळते ती शून्याच्या जवळून वर चढत जाणारी, हवी ती सायकल.